लहान नळीची बंदूक, मोठी निवड

जालन्याच्या माळावर खरिपाची सुगी उरकली की तितरांची साद ऐकू येते. बाजरीच्या धसकटातून लावे भुर्रकन उठतात, बांधाआडून ससा पळतो. एके काळी या दिवसांत खुंटीवरच्या बंदुका खाली निघत. पण कोणत्या बंदुकीला कोणते सावज साजते, हा प्रश्न हौशी माणसाला वाटे तितका सोपा नव्हता.

छर्‍याच्या बंदुकीची 'बोअर' मोजण्याची रीत गमतीची आहे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या आणि त्यातली एक नळीत नेमकी बसली, तर ती बारा बोअर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर बाराहून लहान. 'चारशे दहा' मात्र इंचाच्या हिशेबाने ओळखली जाते. तिची नळी सुमारे १०.४ मिलिमीटर. बारा बोअरच्या काडतुसात साधारण ३० ग्रॅम छर्रे असतात, तर हिच्या लहान काडतुसात सुमारे १४.

एकेका छर्‍याचा जोर दोन्हींत जवळपास सारखाच. फरक पडतो संख्येचा. छर्रे कमी असले की दूरवर त्यांचे जाळे विरळ होते. पक्षी मरत नाही, जखमी होऊन झुडपात तडफडतो. म्हणून या बंदुकीला साजणारे सावज म्हणजे लावा, होला, वीस-पंचवीस पावलांतला तितर. काळवीट किंवा रोह्यावर छर्रे झाडणे हे निव्वळ क्रौर्य. लहान नळी एवढेच सांगते: जवळ जा, नीट ओळख, नाहीतर सोडून दे.

हे सगळ्यांनी ऐकले नाही. नगर भागात रॉबर्ट मॅन्सफिल्ड या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. तणमोराचा नर पावसाळ्यात मादीला भुलवण्यासाठी गवतातून वर उड्या मारतो. शिकाऱ्यांनी नेमका तोच हंगाम साधला. या दोन्ही पक्ष्यांचे आज काय झाले, ते आपण जाणतोच.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही लहान शिकारीचे परवाने होते. १९९१च्या दुरुस्तीने ते दार बंद झाले. आज तितर, लावा, ससा यांच्यावर हौसेने बंदूक रोखणे हा गुन्हा आहे, मग ती कोणत्याही बोअरची असो.

तरीही निवडीचा प्रश्न संपलेला नाही. तितराला आडोसा हवा, लाव्याला गवत हवे. बांध पेटवायचा की राखायचा, माळ 'पडीक' म्हणून नांगरायचा की चराईसाठी ठेवायचा, हे आता शेतकरी आणि ग्रामसभा ठरवतात. बंदुकीपेक्षा तितर आज या निर्णयांच्या टप्प्यात अधिक आहे.