५३७ मते आणि तिसरा उमेदवार

‘मते खाणारा उमेदवार’ म्हणजे काय, हे आपल्या मतदाराला समजावून सांगावे लागत नाही. कोण कुणाची मते खाणार, याची गणिते आपल्याकडे पारावर आणि चहाच्या टपरीवरही मांडली जातात. पण आपल्याकडे पक्ष अनेक. अमेरिकेत मुख्य पक्ष दोनच, डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन. तिथे तिसरा माणूस उभा राहिला की काय होते?

२००० सालची अध्यक्षपदाची निवडणूक घ्या. डेमोक्रॅटिक पक्षाचे अल गोर आणि रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश यांच्यात खरी लढत होती. तिसरे होते ग्रीन पार्टीचे राल्फ नेडर. मोटारींच्या सुरक्षिततेसाठी बड्या कंपन्यांशी झुंजलेले, ग्राहकांचे कैवारी म्हणून गाजलेले गृहस्थ. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा पाच लाखांहून अधिक मते जास्त पडली. पण तिथे अध्यक्ष ठरतो तो राज्यवार निर्वाचकांच्या मतांवर. मेन आणि नेब्रास्का सोडली, तर राज्यात जो एका मतानेही पुढे, त्याच्या पदरात त्या राज्याचे सगळे निर्वाचक. शेवटी सारे अडले फ्लोरिडाच्या २५ निर्वाचकांवर. फेरमोजणी झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबवली आणि बुश ५३७ मतांनी विजयी ठरले. त्याच राज्यात नेडर यांची मते होती ९७,४८८!

आता ही सगळी मते गोर यांचीच होती असे म्हणणे चूक. मतदानानंतरच्या देशव्यापी पाहणीत नेडर यांच्या साधारण निम्म्या मतदारांनी सांगितले, की नेडर नसते तर आम्ही गोर यांना मत दिले असते. सुमारे पाचव्या हिश्श्याने बुश यांचे नाव घेतले. बाकीचे बहुतेक घरीच बसले असते. हेच प्रमाण फ्लोरिडाला लावले, तरी गोर यांचा फायदा पंचवीस हजारांच्या घरात जातो. ५३७ ची बात कुठली! आणि गळती एकाच बाजूला नव्हती, हेही सांगायला हवे. न्यू मेक्सिकोत गोर अवघ्या ३६६ मतांनी जिंकले. तिथे उजव्या विचारांच्या पॅट ब्यूकॅनन यांना त्याहून जास्त मते होती. त्याची आठवण मात्र कुणी काढत नाही.

त्या वर्षी एक गमतीदार प्रकार घडला. चुरशीच्या राज्यातला नेडरसमर्थक आणि निकाल आधीच ठरलेल्या राज्यातला गोरसमर्थक यांनी इंटरनेटवर जोडी जमवायची. तू तिथे गोरला मत दे, मी इथे नेडरला देतो! कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी खटल्याची धमकी दिली. पुढे २००७ मध्ये अपील न्यायालयाने या मतदारांच्याच बाजूने कौल दिला. आपल्या मनातले मत देण्यासाठी माणसाला अशी अदलाबदल करावी लागते, यातच त्या पद्धतीची अडचण दिसते.

फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्यूव्हर्जे यांनी १९५१ मध्ये याचे कारण मांडले. एका जागेसाठी एकच मत आणि सर्वाधिक मते घेणारा विजयी, अशी पद्धत असली की मतदार हळूहळू दोन प्रबळ उमेदवारांकडे वळतो, कारण मत वाया जाण्याची त्याला धास्ती असते. (आपली पद्धत हीच, तरी पक्ष उदंड. कारण आपल्याकडे दोन प्रबळ पक्ष राज्याराज्यांत वेगळे!)

तिसऱ्याला जागा मिळत नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरतो असेही नाही. १९९२ मध्ये उद्योगपती रॉस पेरो यांनी जवळजवळ १९ टक्के मते मिळवली, पण निर्वाचक एकही नाही. पाहणीनुसार त्यांचे मतदार क्लिंटन आणि थोरले बुश यांच्यात जवळपास सारखे विभागले गेले असते. त्यामुळे पेरो यांनीच बुश यांना पाडले, हा समज फारसा टिकत नाही. मात्र सरकारी तुटीचा विषय त्यांनी असा लावून धरला, की दोन्ही पक्षांना तो टाळता आला नाही. उलट १९१२ चे उदाहरण. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट रिपब्लिकन पक्षातून फुटून उभे राहिले. ते आणि पक्षाचे अधिकृत उमेदवार टाफ्ट यांची मते मिळून निम्म्याहून जास्त, पण ४२ टक्क्यांच्या आसपास मते घेणारे विल्सन ५३१ पैकी ४३५ निर्वाचक घेऊन गेले.

मग दोष कुणाचा? नेडर यांना लोकांनी वर्षानुवर्षे बोल लावला. मला तो अन्याय वाटतो. मत हे कुठल्या पक्षाच्या सातबाऱ्यावर चढवलेले नसते. पण पद्धत बदलता येते. मेन राज्याने २०१६ मध्ये सार्वमताने पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली. मतदार पहिली, दुसरी, तिसरी पसंती देतो. कुणालाच निम्म्याहून अधिक मते नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीनुसार वाटली जातात. २०१८ मध्ये तिथल्या एका काँग्रेस मतदारसंघात रिपब्लिकन ब्रूस पोलिक्विन पहिल्या मोजणीत पुढे होते. दोन अपक्षांची मते वाटल्यावर डेमोक्रॅट जॅरेड गोल्डन निवडून आले. पोलिक्विन न्यायालयात गेले, हरले. २०२२ पासून अलास्काही याच वाटेने गेले. फ्लोरिडाने मात्र त्याच वर्षी कायदा करून आपल्या राज्यात या पद्धतीवर बंदी घातली.