आंबा घाटापलीकडचं पोलंड

परक्या देशातून आलेला माणूस म्हटलं की रत्नागिरीकरांना थिबा राजा आठवतो. १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत ब्रह्मदेशाचा हा पदच्युत राजा इथे इंग्रजांच्या नजरकैदेत होता. त्याचा राजवाडा आपण पाहुण्यांना हौसेनं दाखवतो. मात्र आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला जाताना, शहराच्या थोडं पुढे वळिवड्यात काय घडलं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि वृद्ध होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं पोलंड वाटून घेतला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं मालगाड्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात धाडली गेली. १९४१ मध्ये हिटलरनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. पुढच्या वर्षी कास्पियन समुद्र ओलांडून हजारो लोक इराणला पोहोचले, उपासमारीनं खंगलेले, तापानं फणफणलेले. अनेक मुलांचे आईबाप वाटेतच गेले होते.

अशा मुलांना जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी आपल्या संस्थानात, बालाचडीला आसरा दिला. कुटुंबांसाठीची मोठी छावणी कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला उभी राहिली. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूताच्या पत्नी किरा बनाशिन्स्का पोलिश रेडक्रॉसच्या वतीनं या लोकांसाठी राबल्या. त्या पुढे भारतातच राहिल्या आणि १९९१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. भारतात ‘उमादेवी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वांदा दिनोव्स्का युद्धकाळात पोलिश मुलांसाठी झटल्या. पुढे उतारवयात त्याच बाई धरमशाळेला तिबेटी निर्वासितांच्या मदतीला गेल्या. मला या दोघींचं फार मोल वाटतं.

छावणीची मांडणी जरा नीट पाहावी अशी आहे. लांबच लांब बराकी उभारल्या होत्या, पण प्रत्येक कुटुंबाला आपली खोली होती आणि आपली चूल होती. रांगेत उभं राहून वाडग्यात पडेल ते खायचं, ही लाचारी इथे नव्हती. आईनं बाजारहाट करायचा आणि मुलांना आपल्या हातचं करून घालायचं. पोलिश शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती, स्काउटची पथकं होती. शिकवायला निर्वासितांतलेच शिक्षक पुढे आले. मदत घेणाऱ्यालाच मदत करणारा होता आलं, हे वळिवड्याचं खरं यश. अन्नवस्त्र पुरवलं की काम संपलं असं मानणाऱ्या प्रत्येक मदतकेंद्रानं हे शिकावं.

युद्ध संपलं, तरी बहुतेकांना परतायला घर उरलं नव्हतं. त्यांची गावं आता सोव्हिएत हद्दीत गेली होती. बरेचजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाकडे निघून गेले. तोवर फाळणी झाली होती आणि सिंधी निर्वासित याच छावणीत येऊन राहू लागले. तेच आजचं गांधीनगर. कोकणातले व्यापारीही कापडाच्या घाऊक खरेदीसाठी जातात, ते हेच गाव.

हा विषय आजचाही आहे. निर्वासितांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९५१ चा. भारतानं त्यावर आजही सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदाही नाही. त्यामुळे आलेल्या माणसाला कसं वागवायचं, हे सरकारच्या त्या त्या वेळच्या निर्णयावर आणि शेजारपाजारच्यांवर ठरतं. शेजाऱ्यांचं वजन म्हणूनच मोठं आहे.

पोलंड वळिवड्याचा आसरा विसरलेला नाही. वॉर्सामध्ये वळिवडे-कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे अभिवादन केलं. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि ज्यांना परत जाता आलं नाही त्यांच्या कबरीही शहरात आहेत. अंबाबाईच्या दर्शनाला जाल तेव्हा तासभर वेळ तिकडेही काढा, मुलांना बरोबर न्या. आणि घरातल्या कुणा वडीलधाऱ्यानं ती छावणी पाहिली असेल, तर त्यांच्या आठवणी आजच लिहून घ्या.