विश्लेषण : शहराचा आपत्ती आराखडा ‘अपडेट’ होतो म्हणजे नेमकं काय होतं? आणि महामार्गावरच्या सोनगीरचं त्यात काय?

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघालं की साधारण २० किलोमीटरवर सोनगीर लागतं. तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव, टेकडीवर किल्ला, महामार्गावर टोलनाका. दोंडाईच्याकडे जाणारा रस्ताही इथूनच फुटतो. टोलच्या रांगेत पाच मिनिटं थांबलात तर आजूबाजूच्या गाड्यांकडे जरा नीट बघा. कांद्याचे ट्रक, कंटेनर, एसटी, ट्रॅव्हल्स आणि मधूनच एखादा गॅसचा किंवा केमिकलचा टँकर.

यातला एखादा टँकर इथेच उलटला आणि पेटला तर? पहिला फोन कुणाला करायचा? बंब कुठून येणार? जखमींना कुठे न्यायचं? गाव रिकामं करायचं झालं तर कोणत्या दिशेने? ही उत्तरं एका कागदपत्रात असायला हवीत. त्याला म्हणतात आपत्ती व्यवस्थापन आराखडा. तो दरवर्षी अपडेट करणं कायद्याने बंधनकारक आहे. २०२५ मध्ये कायदा बदलला आणि महापालिका असलेल्या शहरांना स्वतःचं वेगळं प्राधिकरण मिळण्याची वाट मोकळी झाली. धुळे आणि जळगाव त्यात बसतात. सोनगीर बसत नाही, कारण तिथे ग्रामपंचायत आहे.

कायदा काय सांगतो?

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली होती. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये कायदा मंजूर झाला. त्यानुसार प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असतं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष.

महत्त्वाचं आहे कलम ३१. जिल्ह्याच्या आराखड्यात काय हवं ते इथे दिलंय : कोणत्या भागाला कोणत्या आपत्तीचा धोका आहे, कोणत्या खात्याने काय करायचं, साधनं कुठून आणायची, संपर्क कसा ठेवायचा, लोकांपर्यंत माहिती कशी पोहोचवायची. आणि याच कलमात स्पष्ट म्हटलंय की आराखड्याचा दरवर्षी आढावा घेऊन तो अद्ययावत करायचा. पुढचं कलम ३२ खात्यांना आणि स्थानिक संस्थांनाही स्वतःचे आराखडे करायला आणि ते नियमितपणे सुधारायला सांगतं.

म्हणजे कागदावर तरी ग्रामपंचायत या सगळ्याच्या बाहेर नाही.

२०२५ मध्ये काय बदललं?

दुरुस्ती कायदा ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाला. आता राज्याची राजधानी आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी राज्य सरकार वेगळं ‘शहरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण’ नेमू शकतं. इथे महापालिका आयुक्त अध्यक्ष आणि जिल्हाधिकारी उपाध्यक्ष. धुळे आणि जळगाव या दोन्ही महापालिका २००३ सालच्या, त्यामुळे दोन्ही शहरं यात येतात.

कल्पना चांगली आहे. नालेसफाई, अतिक्रमणं, धोकादायक इमारती, अग्निशमन हे सगळं महापालिकेच्याच हातात असतं. अडचण आहे ती हद्दीची. एकाच जिल्ह्यात शहराचा आराखडा आयुक्तांचा आणि शहराबाहेर पाऊल टाकलं की जिल्हाधिकाऱ्यांचा. महामार्गावरच्या अपघातात जखमी शहराबाहेर होतात आणि उपचाराला शहरात येतात. बंब शहरातून निघतो आणि शहराबाहेर जातो. दोन आराखड्यांनी एकमेकांची पानं वाचलेली नसतील, तर घोटाळा नेमका या सांध्यावर होणार.

या पट्ट्यात काय काय घडलंय?

सोनगीर-शिरपूर पट्ट्याला हा विषय नवा नाही. ३१ ऑगस्ट २०१९ ला सकाळी शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला. किमान १३ जणांचा जीव गेला, पन्नासहून अधिक जखमी झाले. ४ जुलै २०२३ ला याच महामार्गावर पळासनेरला, मध्य प्रदेशातून घाट उतरून आलेल्या कंटेनरचे ब्रेक निकामी झाले. तो वाटेतल्या गाड्यांना धडकत थेट बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. किमान १० जण गेले.

या दोन घटनांत एक फरक आहे. तो आराखडा करणाऱ्याला डोकेदुखी ठरतो. कारखान्याला पत्ता असतो. भोपाळनंतर १९८९ आणि १९९६ साली केंद्राने रासायनिक अपघातांचे नियम केले. मोठ्या धोक्याच्या कारखान्यांची यादी ठेवावी लागते, कारखान्याबाहेरच्या परिसरासाठी आराखडा करावा लागतो, वर्षातून किमान एकदा त्याचा सराव करावा लागतो. टँकरला पत्ता नसतो. तो सकाळी सेंधव्याला असतो, दुपारी सोनगीरला आणि रात्री मालेगावच्या पुढे. ज्या गावात एकही केमिकल कारखाना नाही, त्या गावाच्या दारातून कारखान्याइतकाच माल रोज जातो.

हा धोका किती मोठा असू शकतो ते जयपूरने दाखवलं. २० डिसेंबर २०२४ ला पहाटे अजमेर महामार्गावर यू-टर्न घेणाऱ्या एलपीजी टँकरला ट्रकने धडक दिली. गॅस पसरला, पेटला आणि आजूबाजूच्या डझनभर गाड्या, एक स्लीपर बससुद्धा, आगीत सापडल्या. सुमारे २० जणांचा मृत्यू झाला.

पहिला अर्धा तास कुणाचा?

इथे थोडं गणित करू. सोनगीरला मोठ्या आगीसाठी बंब येणार तो धुळ्याहून किंवा शिरपूरहून. धुळ्याचं अंतर २० किलोमीटर धरा. पाण्याने भरलेला बंब महामार्गावरच्या वाहतुकीतून ताशी ४० च्या सरासरीने आला तरी अर्धा तास. तोही फोन लगेच लागला आणि बंब मोकळा असला तर.

आता दुसरी बाजू. आगीच्या ज्वाळांत सापडलेली एलपीजीची टाकी कधी फुटेल याचं वेळापत्रक नसतं. काही मिनिटांत फुटू शकते, अर्ध्या तासातही फुटू शकते. अमेरिका-कॅनडातले अग्निशमन जवान जी मार्गदर्शिका वापरतात, त्यात अशा पेटलेल्या टँकरभोवती सगळ्या दिशांनी १६०० मीटर परिसर मोकळा करायला सांगितलंय. टोलनाक्यापासून १६०० मीटरचं वर्तुळ मोबाइलच्या नकाशावर काढून बघा. गावाचा किती भाग आत येतो ते लगेच कळेल.

म्हणजे बंब पोहोचेपर्यंतचा अर्धा तास शहराच्या आराखड्याच्या हातात नाहीच. तो सोनगीरच्या पोलीस ठाण्याच्या, टोलनाक्यावरच्या कर्मचाऱ्यांच्या, ग्रामपंचायतीच्या आणि महामार्गालगतच्या हॉटेल-पंपवाल्यांच्या हातात आहे. वाहतूक दोन्ही बाजूंनी कुठे अडवायची? मंदिर-मशिदीच्या भोंग्यावरून काय सांगायचं? शाळा सुरू असेल तर मुलांना कोणत्या रस्त्याने बाहेर काढायचं? वारा कुठून वाहतोय हे कोण बघणार? माझ्या मते आराखड्याच्या नव्या आवृत्तीत सगळ्यात आधी लिहायला हवा तो हा अर्धा तास. गावनिहाय, नावानिशी नाही तरी पदानिशी.

टँकरवरचा तो चौकोन

ही माहिती शहरातल्याही फार थोड्यांना असते. धोकादायक माल नेणाऱ्या वाहनावर एक ठळक माहिती-फलक लावणं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे. त्यावर पदार्थाचं नाव, चार आकडी यूएन नंबर, धोक्याचं चिन्ह, आणीबाणीत फोन करायचा नंबर आणि माल पाठवणाऱ्याचा नंबर असतो. १०७५ म्हणजे एलपीजी. १२०३ म्हणजे पेट्रोल. ११७० इथेनॉल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरिन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड.

पदार्थानुसार काय करायचं ते पूर्ण बदलतं, म्हणून हे चार आकडे महत्त्वाचे. अमोनिया आणि क्लोरिन गळत असेल तर वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो नाल्यात, खोलगट भागात साचतो, तिथे एक ठिणगी पुरते. ॲसिडवर गर्दी करून पाण्याच्या बादल्या ओतणं घातक. कंट्रोल रूमला फोन करताना ‘टँकर पलटी झालाय’ याच्यापुढे ‘फलकावर १०७५ लिहिलंय’ एवढं जरी सांगता आलं तरी निघणारी टीम योग्य तयारीने निघते. मात्र नंबर वाचायला जवळ जायचं नाही. मोबाइलचा कॅमेरा झूम करा. आणि उलटलेल्या टँकरमधून पेट्रोल-डिझेल भरून नेण्याची जी सवय आपल्याकडे आहे, तिच्याबद्दल वेगळं लिहायला नको.

मग ‘अपडेट’ म्हणजे फक्त फोन नंबर बदलणं?

नंबर बदलणं हेही छोटं काम नाही. खानदेशातल्याच एका गावात (नाव देत नाही) भिंतीवर रंगवलेल्या आपत्कालीन यादीतला एक नंबर मी लावून पाहिला होता. फोन उचलणारे गृहस्थ केव्हाच बदली होऊन गेले होते आणि असे फोन घेऊन वैतागलेले होते. अधिकारी तीन वर्षांत बदलतो, भिंतीवरचा रंग दहा वर्षं टिकतो.

पण खरं अपडेट वेगळं. इंजिनिअरिंगला ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटा तक्ता असतो, रिव्हिजन ब्लॉक. कोणत्या तारखेला काय बदललं, का बदललं, कुणी तपासलं. तो तक्ता कोरा असेल तर ड्रॉइंगवर कुणी सही करत नाही. आपत्ती आराखड्याच्या पहिल्या पानावरही असा तक्ता हवा. २०१९ च्या वाघाडी स्फोटानंतर काय बदललं? पळासनेरनंतर उतारावर काय केलं? उत्तर एका ओळीत देता आलं पाहिजे. नाही तर मुखपृष्ठावरचं वर्ष बदलतं आणि आतली २०० पानं तीच राहतात.

धुळ्याचं उदाहरण पुराचं घ्या. पांझरा धुळे शहराच्या मधून वाहते. १८७२ च्या सप्टेंबरमध्ये तिला आलेल्या महापुरात धुळ्यातली सुमारे ५०० घरं गेल्याची नोंद जुन्या खानदेश गॅझेटियरमध्ये आहे. तेव्हा वरच्या बाजूला अक्कलपाडा धरण नव्हतं. आज आहे. त्यामुळे पुराचा प्रश्न आता नुसता पावसाचा नाही. विसर्ग किती वाजता किती सोडला, तो शहरातल्या पुलांपर्यंत किती तासांत पोहोचणार आणि पूल कधी बंद करायचे, असा तो झालाय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पांझरेच्या पुराने शहराला याची आठवण करून दिली होती. तापीचंही तसंच. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. ते उघडले की खालच्या गावांना इशारा जातो. महामार्ग सोनगीर आणि शिरपूरच्या मध्येच तापी ओलांडतो. हा पूल बंद ठेवायची वेळ आली तर शिरपूरचा बंब सोनगीरला आणि धुळ्याची मदत शिरपूरला कोणत्या रस्त्याने जाणार, हेही आराखड्यातच असायला हवं.

एक गोष्ट जमेची. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या (एसडीआरएफ) दोन तुकड्या आहेत, एक नागपूरला आणि एक धुळ्यात. याच धुळ्याच्या पथकाची बोट २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात प्रवरा नदीत उलटली. बुडालेल्यांना शोधायला गेलेले तीन जवान गेले. नदीत भोवरा कुठे असतो हे गावच्या पोहणाऱ्यांना माहीत असतं. बाहेरून आलेल्या पथकाला ते कोण सांगणार, हासुद्धा आराखड्याचाच भाग.

सराव कधी होतो?

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचं मॉक ड्रिल झालं, तेव्हा राज्यातल्या १६ ठिकाणांच्या यादीत खानदेशातून भुसावळ होतं. तो सराव हवाई हल्ल्याचा होता. पण सायरन ऐकू येतो का, फोन लागतो का, रुग्णवाहिका किती मिनिटांत येते, हे कुठल्याही सरावात कळतं. टँकर अपघाताचा सराव टोलनाक्यावर घ्यायला एक लेन आणि दोन तास पुरतात.

तुम्ही काय करू शकता?

जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा टोल फ्री नंबर १०७७. राष्ट्रीय महामार्गाची हेल्पलाइन १०३३, रुग्णवाहिका १०८, पोलीस-अग्निशमन सगळ्यासाठी ११२. सरकारचं ‘सचेत’ ॲप ठेवलं तर तुमच्या भागाचे इशारे मोबाइलवर येतात, विजेसाठी ‘दामिनी’ आहे. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, ती याच इशारा यंत्रणेची चाचणी होती. सेटिंगमध्ये जाऊन तो अलर्ट बंद केला असेल तर पुन्हा सुरू करा.

जिल्ह्याचा आराखडा हे गोपनीय कागदपत्र नाही. अनेक जिल्ह्यांचे आराखडे त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असतात. उघडल्यावर आधी वर्ष बघा, मग सर्चमध्ये आपल्या गावाचं नाव टाका. नाव सापडलं नाही किंवा समोरचा नंबर लागला नाही, तर तो विषय ग्रामसभेत मांडता येतो. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘आपत्ती आराखडा : गावाची माहिती अद्ययावत करणे’ ही एक ओळ घालायला सरपंच आणि ग्रामसेवकांना वेगळ्या मंजुरीची गरज नाही.