वाणिज्य शाखेतील मुलांनो, प्राध्यापकाची खुर्ची तुमचीही आहे!

निकाल लागले की आपल्या वस्त्यावस्त्यांतील बुद्धविहारांत गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. गुलाबपुष्प, प्रमाणपत्र, बाबासाहेबांची प्रतिमा आणि शेवटी पाहुण्यांचे मार्गदर्शन. पुढे काय होणार, असे विचारले की मुले ठरलेली उत्तरे देतात. डॉक्टर, इंजिनिअर, एमपीएससी, यूपीएससी आणि वाणिज्य शाखेचा असेल तर बँक. यंदा अशाच एका कार्यक्रमात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मला बँकेत नोकरी करायची नाही. बँक आमच्या वस्तीतल्या माणसाला कर्ज का देत नाही, यावर संशोधन करायचं आहे. कुठून सुरुवात करू?" सभागृहात थोडे हसू उमटले. पुढच्या रांगेतील एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "बाई, आधी नोकरी बघ, पीएच.डी. नंतर होतच असते." ते आपुलकीने बोलले, पण चुकीचे बोलले. मलाही त्यावेळी नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज या स्तंभातून देत आहे.

बाबासाहेब म्हटले की आपल्याला राज्यघटना आठवते, महाडचे तळे आठवते, दीक्षाभूमी आठवते. पण बाबासाहेब वाणिज्य महाविद्यालयाचे प्राध्यापक होते, हे आपण किती वेळा आठवतो? नोव्हेंबर 1918 ते मार्च 1920 या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत होते. 1925 नंतर काही वर्षे त्यांनी बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायद्याचे वर्ग घेतले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून 1923 साली मिळवलेली त्यांची डी.एस्सी. रुपयाच्या प्रश्नावर होती आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होती. 1953 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू केले. तेव्हा वाणिज्य शाखा ही आपल्या चळवळीला परकी नाही. ती बाबासाहेबांच्या घरची आहे. आपणच तिला 'कमी मार्क पडले म्हणून घेतलेली शाखा' करून ठेवले.

आणखी एक प्रसंग सांगतो. परदेशातून परतल्यावर चरितार्थासाठी बाबासाहेबांनी शेअर बाजारात गुंतवणुकीचा सल्ला देणारी एक पेढी काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली आणि पेढी बंद पडली. सल्ला चांगला होता, डिग्री कोलंबियाची होती, तरी बाजाराने जात पाहिली. आता विचार करा, भारतातील व्यवस्थापनशास्त्राच्या किती पाठ्यपुस्तकांत 'जात आणि बाजारातील विश्वास' असा धडा आहे? अमेरिकेतील साबणाच्या कंपनीचे उदाहरण आहे, जपानच्या मोटारीचे आहे. आपल्या गल्लीतील चांभाराचे, आपल्या बचत गटाचे, दलित उद्योजकाला माल उधार न देणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याचे उदाहरण नाही. कारण ज्यांनी पुस्तके लिहिली त्यांना तो अनुभव नव्हता आणि ज्यांना अनुभव होता त्यांच्या हाती संशोधनाचे साधन नव्हते.

जिथे साधन हाती आले तिथे काय घडले तेही पाहा. अमरावती जिल्ह्यातून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात आणि तिथून जेएनयूत गेलेले डॉ. सुखदेव थोरात पुढे 2006 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. त्यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत 2007 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी कंपन्यांच्या 548 जाहिरातींना त्यांनी 4,808 अर्ज पाठवले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त आडनावाचा. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे येण्याची शक्यता लक्षणीय कमी निघाली. 'खासगी क्षेत्रात फक्त गुणवत्ता चालते' या दाव्याला हजार भाषणांनी जे उत्तर दिले नसते ते या एका अभ्यासाने दिले. 2012 साली देशातील हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नव्वद टक्क्यांहून अधिक संचालक उच्चवर्णीय आणि अनुसूचित जाती-जमातींचे मिळून साडेतीन टक्के! ही आकडेवारी आज आपण मोर्चात, निवेदनात, विधिमंडळात वापरतो. कोणीतरी बसून ती मोजली म्हणूनच ती आपल्याला वापरता आली.

आता मुद्द्यावर येतो. एमबीए आणि व्यवस्थापनातील पीएच.डी. यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एमबीए कंपनी चालवायला शिकवते. कंपनी, बाजार, कामगार, ग्राहक हे असे का वागतात हे पुराव्यानिशी शोधायला पीएच.डी. शिकवते. त्यात वित्त, लेखाशास्त्र, विपणन, संघटनात्मक वर्तन, व्यूहनीती, उत्पादन व्यवस्थापन असे स्वतंत्र विभाग असतात. एमबीए झालेच पाहिजे अशी सक्तीही सर्वत्र नाही. आयआयएममध्ये पूर्वी 'फेलो' ही पदविका मिळायची. 2017 च्या आयआयएम कायद्यानंतर त्या संस्था थेट पीएच.डी. पदवी देऊ लागल्या.

या संस्थांच्या दारात आपण किती आहोत? संशोधन करून बाहेर पडलेलेच उद्या तिथे प्राध्यापक होतात. म्हणजे प्रवेशाचे दार अरुंद असेल तर अध्यापकांच्या खोलीत आपला माणूस दिसणारच नाही. केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापक पदांना आरक्षण लागू करणारा कायदा 2019 साली झाला. त्यानंतर आयआयएमनी त्यातून सूट मागितल्याच्या बातम्या आल्या. अहमदाबादच्या आयआयएममध्ये पीएच.डी. प्रवेशाला आरक्षण लागू व्हावे म्हणून 2021 साली उच्च न्यायालयात जावे लागले आणि 2025 च्या प्रवेशापासून ते लागू झाले. दरवेळी कानावर पडणारे कारण एकच : 'योग्य उमेदवार मिळत नाहीत.' हे कारण खोटे पाडायचे दोन मार्ग आहेत. एक न्यायालयातून जातो, दुसरा ग्रंथालयातून. पहिल्या मार्गावर आपण लढत आहोत. दुसऱ्या मार्गावर अठराव्या वर्षीच पाऊल टाकावे लागते.

अठराव्या वर्षीच का? इथे स्वतःबद्दल दोन शब्द सांगणे भाग आहे. मी पीएच.डी. केली ती चाळिशी ओलांडल्यावर, बढतीसाठी. विषय मार्गदर्शकांनी ठरवला, प्रश्नावली दुसऱ्या प्रबंधावरून बेतली, सांख्यिकीचे काम पैसे देऊन बाहेरून करून घेतले. नावापुढे 'डॉ.' लागले, पण त्या प्रबंधाने समाजाला एक नवी ओळ दिली नाही. मला संशोधन म्हणजे काय हे कळेपर्यंत माझे शिकण्याचे वय निघून गेले होते. आपल्या मुलांचे तसे होऊ नये.

म्हणून पहिल्या वर्षापासून तीन गोष्टी धरा. पहिली, गणित आणि सांख्यिकी. वाणिज्य शाखेची बहुतेक मुले बारावीला गणित सोडतात आणि तिथेच निम्मी लढाई हरतात. कलन, रेषीय बीजगणित, संभाव्यता आणि पुढे अर्थमिती, हे टप्प्याटप्प्याने शिका. स्वयम् आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत. 'आर' नावाचे सांख्यिकीचे सॉफ्टवेअरही फुकट आहे. दुसरी, इंग्रजी वाचन. झकपक बोलता येण्याची काळजी करू नका, वाचून समजले पाहिजे. आठवड्याला एक शोधनिबंध घ्या आणि वहीत चारच गोष्टी मराठीत लिहा : प्रश्न काय, पुरावा कोणता, निष्कर्ष काय आणि मला न पटलेले काय. तिसरी, एक शिक्षक. शिफारसपत्र लिहिणारा शिक्षक तुम्हाला वर्षानुवर्षे ओळखत असला पाहिजे. त्यांना भेटा, त्यांच्या सर्वेक्षणात फुकट राबायची तयारी ठेवा, पण राबताना शिका.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी स्वतःचा एक छोटा अभ्यास करा. तुमच्या वस्तीतील पन्नास घरांनी मागील पाच वर्षांत कर्ज कुठून घेतले? बँक, पतसंस्था, मायक्रोफायनान्स की सावकार? व्याज किती पडले? हा अभ्यास तुम्ही जसा करू शकता तसा मोठ्या शहरातील बंगल्यातला मुलगा करू शकत नाही. तुमच्यासाठी दार उघडे असते, माणसे खरे बोलतात. ज्याला आपण आपले दुबळेपण समजतो तेच संशोधनात आपले भांडवल आहे. मात्र एक इशारा. पैसे घेऊन आठ दिवसांत निबंध छापून देणाऱ्या जर्नलांच्या नादी लागू नका. तशा छापील कागदांची चांगल्या संस्थेत किंमत शून्य असते.

नव्या रचनेत पदवीला चौथे वर्ष आले आहे. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करता येते. आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी एम.कॉम. न करता पीएच.डी.ला पात्र ठरतो. अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींना त्यात पाच टक्के सवलत आहे. नेटही देता येते. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि पुढे 42,000 रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, तिचा रस्ताही नेटमधूनच जातो. आयआयएमसाठी कॅट, जीआरई, जीमॅट किंवा जेआरएफ यांपैकी त्या त्या संस्थेला चालणारी परीक्षा, संशोधनाच्या उद्देशाचे निवेदन आणि मुलाखत असते. कॅटचे शुल्क अनुसूचित जाती-जमातींना निम्मे आहे. बार्टीचीही अधिछात्रवृत्ती आहे. पण 2022 च्या तुकडीतील आपल्या संशोधकांना तिच्यासाठी आझाद मैदानावर बसावे लागले, हे विसरू नका. म्हणून एकाच पाटावर बसून राहू नका, तीन-चार ठिकाणी अर्ज करा.

परदेशाचे दारही दिसते तितके दूर नाही. अमेरिकेतील चांगल्या विद्यापीठांत व्यवस्थापनाच्या पीएच.डी.ला शिक्षणशुल्क सहसा माफ असते आणि वर निर्वाहवेतन मिळते. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या 75 विद्यार्थ्यांसाठी आहे. त्याच अमेरिकेत काय घडले ते पाहा. 1994 साली तिथल्या व्यवस्थापन महाविद्यालयांत कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक व मूळनिवासी मिळून अवघे 294 डॉक्टरेटधारक प्राध्यापक होते. तेव्हा 'पीएच.डी. प्रोजेक्ट' नावाची संघटित मोहीम सुरू झाली. होतकरूंना एकत्र बोलावणे, आधी गेलेल्यांशी गाठ घालून देणे, अर्ज तपासणे आणि प्रवेश मिळाल्यावर पाठीशी उभे राहणे, एवढेच तिचे काम. तो आकडा पुढे हजाराच्या पलीकडे गेला. मार्च 2025 मध्ये तिथल्या सरकारने या उपक्रमाशी संबंध ठेवणाऱ्या 45 विद्यापीठांची चौकशी लावली. प्रस्थापितांना कशाची भीती वाटते, हे यातून कळते. मोर्चाइतकीच भीती त्यांना वर्गात शिकवायला उभ्या राहिलेल्या माणसाची वाटते.

वाट सोपी आहे असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्रात नेट, सेट, पीएच.डी. झालेली आपली मुले तासिका तत्त्वावर राबत आहेत, हे मी रोज पाहतो. पदभरती रखडते, अनेक ठिकाणी खुर्चीचा भाव ठरलेला असतो. घरी बाप सांगतो, पाच वर्षे आणखी शिकणार तर धाकट्याचे काय? हा प्रश्न खरा आहे आणि त्याला घोषणेने उत्तर देता येत नाही. पण म्हणूनच सांगतो, कुठलीही पीएच.डी. करू नका. जिथे अधिछात्रवृत्ती मिळते, जिथे पद्धत शिकवली जाते आणि जिथून देशभरात नोकरी मिळू शकते अशाच ठिकाणी करा. त्यासाठी लागणारी तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच होते, शेवटच्या वर्षी धावपळ करून होत नाही. आणि नाहीच जमले, तरी शिकलेली सांख्यिकी रिझर्व्ह बँकेपासून स्पर्धा परीक्षेपर्यंत कुठेही कामाला येते, वाया जात नाही.

शेवटी समाजालाही काही मागायचे आहे. आपल्या अभ्यासिकांत एमपीएससीच्या पुस्तकांशेजारी सांख्यिकीची चार पुस्तके आणि एक संगणक ठेवा. जयंतीच्या डीजेचा एक दिवसाचा खर्च वाचवला तर दोन मुलांचे परीक्षाशुल्क आणि अर्जशुल्क भागते. जे आपले प्राध्यापक मोठ्या संस्थांत पोहोचले आहेत त्यांनी महिन्यातील एक रविवार विहारात द्यावा. बाबासाहेब लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करायला गेले ते सिडनहॅमच्या पगारातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज घेऊन. एवढ्या थोर माणसालाही मदतीचा हात लागला. मग या मुलीला एकटीने जा असे आपण कोणत्या तोंडाने सांगणार?

त्या मुलीला माझे उत्तर असे : बाळ, सुरुवात तू त्या दिवशीच केलीस. तुला प्रश्न पडला. आता गणिताचे पुस्तक आण, येत्या रविवारी वस्तीतील पहिल्या दहा घरांत वही घेऊन जा, आणि काय सापडले ते मला आणून दाखव. पुढच्या वर्षीच्या सत्कारात हार घालण्याऐवजी आम्ही तुझा अहवाल वाचू.

जयभीम!