पोटगीचा हिशेब

२०१९ साली नांदेडच्या न्यायालयाने एका शाळेच्या मुख्याध्यापकांना आदेश दिला : तुमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंच्या पगारातून दरमहा पाच हजार रुपये कापा आणि न्यायालयात भरा. बाईंचे लग्न १९९२ सालचे, घटस्फोट २०१५ चा. घटस्फोटानंतर माजी नवऱ्याने पोटगीचा अर्ज केला होता. आपल्याला कमाई नाही, तब्येत साथ देत नाही, उलट बायको शिकावी म्हणून घर आपणच सांभाळले, असे त्याचे म्हणणे. बाई म्हणत होत्या, त्याचे किराणा दुकान आहे, रिक्षा आहे; शिवाय घटस्फोट झाल्यावर कसली पोटगी? न्यायालयाने दरमहा तीन हजारांची अंतरिम पोटगी ठरवली. ती भरली गेली नाही, थकत गेली, म्हणून वसुली थेट पगारातून. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये हे आदेश कायम ठेवले.

बातमी छापून आली तेव्हा अनेकांना नवल वाटले ते बायकोने नवऱ्याला पोटगी द्यायची याचेच. पण हिंदू विवाह कायद्यात ही तरतूद १९५५ पासून आहे. कलम २४ खाली दावा चालू असेपर्यंतची अंतरिम पोटगी आणि कलम २५ खाली कायमची पोटगी, दोन्ही पती किंवा पत्नी यांपैकी कुणीही मागू शकते. प्रश्न एवढाच असतो, की कुणाकडे साधन आहे आणि कुणाकडे नाही.

पोटगी म्हटले की लोकांच्या डोळ्यासमोर कोटींचे आकडे येतात. कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात मात्र तारखेची वाट पाहत बसलेल्यांचे बोलणे पाच हजार, आठ हजार, मुलांची फी आणि घरभाडे यांच्या आसपास फिरते. तिथे भांडण रकमेवरून दिसते. बहुतेक वेळा ते कागदावरून असते. खरी कमाई किती, ती कुणी दाखवायची आणि ठरलेले पैसे हातात कसे पडायचे, यात वर्षे जातात.

पोटगी मागण्याचे रस्ते एकाहून अधिक आहेत. हिंदू विवाह कायदा झालाच. त्याशिवाय फौजदारी प्रक्रिया संहितेचे गाजलेले कलम १२५ आहे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम आता १४४ झाले. ते धर्म पाहत नाही. स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणारी पत्नी, मुले आणि वृद्ध आईवडील यांना त्याचा आधार आहे आणि 'पत्नी' या शब्दात पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटितही येते. तिसरा रस्ता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचा. दोन ठिकाणी अर्ज करता येतो. पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावी लागते आणि ती वळती केली जाते. लग्नात अंगावर घातलेले, माहेरहून आलेले दागिने या हिशेबात धरायचे नसतात. ते स्त्रीधन, ते तिचेच.

कलम १२५ ची कहाणी इंदूरच्या शाहबानोशिवाय पुरी होत नाही. १९३२ मध्ये लग्न होऊन आलेल्या या बाईंना १९७५ मध्ये घराबाहेर काढले गेले, १९७८ मध्ये तलाक मिळाला. नवरा वकील, कमाई चांगली. दंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली महिना २५ रुपये! मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. हे वीस पैसेसुद्धा द्यायचे नाहीत म्हणून नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याचे अपील फेटाळले. पुढच्याच वर्षी संसदेने मुस्लिम महिलांसाठी वेगळा कायदा केला. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला, की इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतर पुन्हा लग्न न करता थांबायच्या, मुदतीत नवऱ्याने घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तजवीज करायची. जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने आणखी स्पष्ट केले : मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ चा रस्ता खुला आहे.

१९७३ च्या संहितेत या कलमाखालच्या पोटगीला महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. महागाई वाढत राहिली आणि संहितेतला आकडा जागचा हलला नाही. २००१ च्या दुरुस्तीने ही मर्यादा काढून टाकली आणि अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असेही सांगितले.

मग रक्कम ठरते कशी? कायद्यात कोष्टक नाही. पतीच्या निव्वळ पगाराच्या साधारण २५ टक्के रक्कम वाजवी मानता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या एका निकालात म्हटले, पण तो ठोकताळा आहे, नियम नाही. न्यायाधीश पाहतात ते दोघांचे वय, शिक्षण, कमाई, संसार किती वर्षांचा, राहणीमान कसे होते, मुले कुणाकडे आहेत, नवऱ्यावर आईवडिलांची जबाबदारी आहे का. आणि एक गोष्ट विशेष पाहतात : संसारासाठी कुणी नोकरी सोडली?

समजा, एका बँकेत काम करणाऱ्या बाईने पहिल्या बाळंतपणानंतर राजीनामा दिला. बारा वर्षांनी घटस्फोटाची वेळ आली. 'पदवीधर आहेस, कमव की,' असे समोरचा वकील म्हणेल. पण या बारा वर्षांत तिच्याबरोबरचे लोक शाखाधिकारी झाले आणि तिला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची आहे. ही मधली तफावत न्यायालय हिशेबात धरते. नोकरी करणारी बाईही पोटगी मागू शकते. तिचा पगार पूर्वीच्या राहणीमानाला पुरतो का, ते पाहिले जाते. उलट धडधाकट नवऱ्याने 'मला कामच नाही' एवढेच म्हटले, तर ते ऐकून घेतले जाईलच असे नाही. फ्लॅटचा किंवा गाडीचा हप्ता पगारातून वजा दाखवून कमाई कमी भासवण्याची युक्तीही न्यायाधीशांना पाठ झाली आहे.

वरच्या टोकालाही मर्यादा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीला पाच कोटी रुपये कायमची पोटगी दिली आणि रक्कम ठरवताना पाहायचे आठ मुद्दे मांडले. त्याच महिन्यात दुसऱ्या प्रकरणात बारा कोटी दिले, पण घटस्फोटानंतर नवरा आणखी श्रीमंत झाला म्हणून त्याच्या बरोबरीची संपत्ती मागता येणार नाही, हेही सुनावले.

गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि दोघांचा निम्मा-निम्मा हक्क असतो. वेगळे होताना तिथला पहिला प्रश्न वाटणीचा. महाराष्ट्रात घर नवऱ्याच्या नावावर असेल, तर वीस वर्षे त्या घरात राबलेल्या बाईचा सातबाऱ्यावर किंवा फ्लॅटच्या करारावर आपोआप हक्क लागत नाही. म्हणून इथे सगळा भार पोटगीवर येऊन पडतो.

आता कागद. 'रजनेश विरुद्ध नेहा' हा खटला सुरू झाला नागपूरच्या कुटुंब न्यायालयात. तिथे २०१३ मध्ये पत्नीला महिना पंधरा हजार आणि मुलाला पाच हजार अशी अंतरिम पोटगी ठरली. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे, समोरच्याने उत्तर आणि शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत भरायचे. पोटगी लागू होणार ती अर्जाच्या तारखेपासून, निकालाच्या नव्हे.

त्या शपथपत्राचा नमुना वाचण्यासारखा आहे. शहरी माणसाला पगार, बँक खाती, शेअर, विमा, भाडे, कर्ज असे सगळे मांडावे लागते. शेतकरी कुटुंबांसाठी नमुनाच वेगळा आहे. जमीन किती, जिरायती की बागायती, वर्षभरात कोणती पिके घेतली, कुणाची जमीन बटाईने केली आहे का, गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्या किती, मासळी किंवा मधमाश्या पाळल्या आहेत का, इतके प्रश्न त्यात आहेत. 'शेतीत काही उरत नाही' हे एका वाक्यातले उत्तर तिथे पुरत नाही.

पोटगी महिन्याला घ्यावी की एकरकमी, हा पुढचा पेच. परस्परसंमतीच्या घटस्फोटात बहुधा एकरकमी तोडगा निघतो. शेवटच्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्ट हातात पडतो आणि मगच बाई सही करतात. मुंबई उच्च न्यायालयाने १९८४ मध्ये या दोहोंत करासाठी फरक केला. दरमहा येणारी पोटगी हे उत्पन्न, त्यावर कर लागू होतो. एकरकमी रक्कम भांडवली, तिच्यावर प्राप्तिकर नाही. देणाऱ्याला मात्र कशाचीच वजावट मिळत नाही. मासिक पोटगी परिस्थिती बदलली की वाढवून किंवा कमी करून मागता येते. एकरकमी घेतली की तो विषय सहसा तिथेच मिटतो.

सगळ्यात अवघड भाग उरतो वसुलीचा. आदेश फाईलला लागतो, खात्यात मात्र काही जमा होत नाही. कलम १४४ खाली थकलेल्या रकमेसाठी वॉरंट निघू शकते आणि तरीही न भरल्यास थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो आणि ही मुदत अनेकींना उशिरा कळते. काही नवरे तुरुंगात जाऊन यायची तयारी ठेवतात, एकदा शिक्षा भोगली की सुटलो, या समजुतीने. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ती खोडून काढली : कैद ही पैसे वसूल करण्याची पद्धत आहे, कैद भोगून कर्ज फिटत नाही. म्हणून अनुभवी वकील समोरचा नोकरीत असेल, तर वॉरंटपेक्षा त्याच्या पगारावर जप्ती मागतात. रक्कम त्याच्या हातात पडण्याआधीच वळते, जशी नांदेडच्या त्या बाईंच्या पगारातून मुख्याध्यापकांनी पाच हजार रुपये कापायचे होते.