उपनगरात घर घेण्यापूर्वी

खानापूर-बेळगाव भागांतून नोकरीनिमित्त मुंबईस गेलेले आमचे तरुण लग्न ठरताच वसई-विरारकडे घर शोधू लागतात. यात आम्हांस गैर काही दिसत नाही. शहराच्या मानाने तेथे नवे घर स्वस्त पडते. १९९८ पासून वसईस स्वतंत्र धर्मप्रांत आहे, मराठीतून मिस्साबलिदान होते. मात्र ज्या वाड्यांच्या व समुद्राच्या मोकळ्या हवेची वर्णने पत्रांतून येतात, ती पश्चिमेस. स्वस्त घरे बहुधा रेल्वेच्या पूर्वेस. विरारहून चर्चगेट ६० किलोमीटर आहे, हेही ध्यानी असावे.

याहून गंभीर गोष्ट निराळी. विरार येथे २०१२ साली बांधलेली एक चार मजली अनधिकृत इमारत ऑगस्ट २०२५ मध्ये कोसळली व १७ जण मरण पावले. इमारत काही जुनी नव्हती!

म्हणून विसार देण्यापूर्वी मंजूर नकाशा व भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. बांधकाम चालू असल्यास महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. कागद महापालिकेत स्वतः जाऊन पडताळावेत, कारण बनावट सहीशिक्क्यांवरही तेथे इमारती उभ्या राहिल्या आहेत. शेत गहाण टाकून पैसा पाठविणाऱ्या वडिलांनी हे कागद पाहावयास मागितले, तर मुलाने तो अविश्वास समजू नये.