केक नको, काम द्या!

वाढदिवस ‘वेगळा’ साजरा करायचा म्हणून तुमचा ग्रुप कधी अनाथाश्रमात गेलाय? केक, वेफर्स, दोन गाणी, सेल्फी आणि तासाभरात बाय-बाय! हेतू चांगलाच असतो. पण जरा त्या मुलाच्या जागी बसून बघा. सारखे कुणीतरी नवे दादा-ताई येणार, आपण रांगेत बसायचं, मिळेल ते घ्यायचं, ‘थँक्यू’ म्हणायचं. हात कायम घेणाराच राहिला, तर आपल्याकडेही देण्यासारखं काही आहे, हे त्याला कळणार कसं?

‘तू हुशार आहेस’ असं नुसतं सांगून आत्मसन्मान येत नाही. आपण केलेलं काम कुणाच्या तरी उपयोगी पडलं, हे अनुभवावं लागतं. प्रकल्पातून शिक्षण इथेच कामाला येतं. कल्पना जुनीच आहे. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये ‘प्रोजेक्ट मेथड’ मांडली. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा, म्हणजे ‘नई तालीम’चा आग्रह धरला.

मग करायचं काय? अगदी साधं, मेथीचा वाफा! वाफा कुठे नि केवढा, हे मुलांनाच ठरवू द्या. जागा मोजताना क्षेत्रफळ येतं, बियाणं आणताना हिशेब, रोज रोपांची उंची लिहून ठेवताना विज्ञान. पाणी जास्त होऊन रोपं कुजली, तर ओरडू नका. का कुजली ते मिळून शोधा, पुन्हा पेरा. चुकलं तरी दादा-ताई सोडून जात नाहीत, हेही त्यांना कळू द्या. मेथी साधारण महिनाभरात काढणीला येते. ती भाजी सगळ्यांच्या ताटात वाढायचा मान मात्र मुलांचाच!

हे एवढं महत्त्वाचं का? कारण अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. बाल न्याय कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय आहे. महाराष्ट्रात २०१८ पासून अनाथांना शिक्षण आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षणही आहे. पण फॉर्म भरायला, खोली शोधायला, मुलाखतीत मान वर करून बोलायला ‘मला जमतं’ हा विश्वास लागतो. तो कुठल्याही जीआरमधून मिळत नाही.

जाण्याआधी काही पथ्यं पाळा. अधीक्षकांची परवानगी घ्या. मुलांचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका, त्यांची ओळख उघड करायला कायद्यानेच बंदी आहे. ‘आई-बाबा कुठे असतात?’ असं विचारू नका. आणि किती दिवस येणार, ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. सांगाल तेवढे दिवस जा, परीक्षा असली तरी. अर्ध्यावर सोडून जाणारी माणसं त्यांनी आधीच पाहिली आहेत.

तेव्हा येत्या वाढदिवसाला केकऐवजी बियाण्याची पुडी घेऊन जा. आणि महिन्याने जेवायला जा, त्यांचे पाहुणे म्हणून!